शेतबांधावरील ट्रेल कॅमेऱ्यास सौरपॅनेल व बॅटरीची जोडणी

प्रस्तावना

कणसात दाणा भरत आलेला मका, घाटे धरलेला हरभरा अथवा आऱ्या सुटलेला भुईमूग एका रात्रीत उद्ध्वस्त झालेला पाहणे, हा अनुभव देशाच्या बहुतेक भागांतील शेतकऱ्यांना नवा नाही. उत्तर प्रदेश, बिहार, हरियाणा व मध्य प्रदेशात नीलगाय, महाराष्ट्र, कर्नाटक व केरळात रानडुक्कर, हिमाचल प्रदेशात माकडे, तर ओडिशा, झारखंड व आसामात हत्ती यांच्यामुळे उभ्या पिकाचे मोठे नुकसान होते. मात्र नुकसान नेमके कोणत्या प्राण्याने केले, तो कोणत्या बाजूने व किती वाजता आला, हे कळल्याशिवाय योग्य उपाय ठरविता येत नाही. रानडुक्कर कुंपणाच्या खालच्या तारेखालून मुसंडी मारून शिरते. नीलगाय तेच कुंपण उडी मारून ओलांडते. साळिंदर माती उकरून वाट काढते. एकासाठी केलेला खर्च दुसऱ्यासाठी वाया जातो.

या प्रश्नाचे उत्तर ट्रेल कॅमेरा देऊ शकतो. प्राण्याच्या हालचालीने आपोआप छायाचित्र टिपण्याचे तंत्र भारतास नवीन नाही. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात शिवालिकच्या जंगलात वाघाच्या वाटेवर तार ताणून अशी छायाचित्रे घेतली होती. १९९० च्या दशकात डॉ. उल्हास कारंत यांनी नागरहोळे येथे कॅमेऱ्यांच्या साहाय्याने वाघांची संख्या अनुमानित करण्याची पद्धत रूढ केली. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत तर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले होते. आता हेच साधन शेतकऱ्याच्या आवाक्यात आले आहे.

नुकसानभरपाईच्या दृष्टीनेही त्याचे महत्त्व वाढत आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीचा स्थानिक जोखमीत समावेश खरीप २०२६ पासून करण्याचे केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यानुसार नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत, स्थाननोंद असलेल्या छायाचित्रांसह, पीक विमा ॲपवर द्यावयाची आहे. ट्रेल कॅमेऱ्याचे छायाचित्र त्या छायाचित्राची जागा घेत नाही. परंतु प्राणी कोणता व वेळ कोणती, याचा पूरक पुरावा त्यातून मिळतो. त्यासाठी कॅमेरा त्या रात्री चालू असणे व त्यातील तारीख-वेळ अचूक असणे आवश्यक आहे.

येथेच अडचण येते. कॅमेरा बंद पडतो तो बहुतेक वेळा वीज संपल्यामुळे, आणि तेही पीक ऐन भरात असताना. सेल पूर्ण उतरल्यास अनेक कॅमेऱ्यांतील घड्याळही मूळ तारखेवर जाते व पुढील सर्व नोंदी निरुपयोगी ठरतात. सौरपॅनेल व बॅटरी जोडणे हा यावरील उपाय आहे. परंतु ही जोडणी चैत्र-वैशाखातील उन्हाच्या भरवशावर करून चालत नाही. ती श्रावणातील झडीवर, आणि गंगेच्या मैदानी प्रदेशात पौषातील धुक्यावर बेतावी लागते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने जोडणीचा हिशेब, क्रम व दक्षता यांची माहिती दिली आहे.

कॅमेरा वीज कोठे खर्च करतो?

ट्रेल कॅमेऱ्यात उष्णतेतील फरक व हालचाल ओळखणारा संवेदक असतो. दिवसभर केवळ हा संवेदक जागा असतो व तो अत्यल्प, म्हणजे एक मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह घेतो. प्राणी समोर येताच कॅमेरा जागा होतो. रात्री त्याच वेळी अवरक्त दिवे लागतात आणि प्रवाह एकदम वाढून एक अँपिअरच्या आसपास जाऊ शकतो. सिमकार्ड असलेला कॅमेरा छायाचित्र मोबाइलवर पाठविताना आणखी वीज घेतो.

याचा अर्थ असा की, कॅमेऱ्याचा खर्च दिवसांवर कमी व टिपलेल्या प्रसंगांवर अधिक अवलंबून असतो. समोर वाऱ्याने डोलणारे गवत किंवा ज्वारीची पाने असतील, तर कॅमेरा विनाकारण शेकडो वेळा जागा होतो. म्हणून मोठे पॅनेल घेण्यापूर्वी कॅमेऱ्यासमोरील चार-पाच मीटर जागेतील गवत काढणे हा वीज वाचविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय. चलचित्राऐवजी दोन-तीन छायाचित्रे घेण्याची निवड केल्यासही खर्च पुष्कळ कमी होतो.

व्होल्टची जुळणी

बाजारातील ट्रेल कॅमेरे बाहेरील वीजपुरवठ्यासाठी सामान्यतः ६ किंवा १२ व्होल्टचे असतात. कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या खाचेजवळ अथवा माहितीपुस्तिकेत हा आकडा दिलेला असतो. तो वाचल्याशिवाय कोणतीही खरेदी करू नये.

पॅनेल थेट कॅमेऱ्यास कधीही जोडू नये. ज्यास १२ व्होल्टचे पॅनेल म्हणतात, त्यात बहुधा ३६ सौरघट एकसर जोडणीत असतात व भार नसताना त्याच्या टोकांवर २१ ते २२ व्होल्टपर्यंत दाब मिळतो. एवढ्या दाबाने कॅमेऱ्यातील परिपथ जळू शकतो.

कॅमेरा १२ व्होल्टचा असला, तरी एक बाब तपासावी. चार्ज होत असताना १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब १४.४ व्होल्टच्या आसपास जातो. माहितीपुस्तिकेत दिलेली कमाल मर्यादा याहून कमी असल्यास मध्ये स्थिर १२ व्होल्ट देणारा परिवर्तक बसवावा.

कॅमेरा ६ व्होल्टचा असल्यास १२ व्होल्टच्या बॅटरीनंतर दाब कमी करणारा परिवर्तक लागतो. तो किमान २ अँपिअर क्षमतेचा असावा. अन्यथा अवरक्त दिवे लागण्याच्या क्षणी दाब कोसळतो. स्वस्त परिवर्तक काही काम नसतानाही ५ ते १० मिलिअँपिअर प्रवाह घेत राहतात. हा आकडा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या विश्रांतीच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक आहे. म्हणून विनाभार प्रवाह कमी असलेला परिवर्तक निवडावा आणि त्याचा दाब कॅमेरा जोडण्यापूर्वीच मल्टिमीटरने मोजून ६ व्होल्टवर स्थिर करावा.

क्षमतेचा हिशेब

नमुन्यादाखल १२ व्होल्टचा, सिमकार्ड असलेला कॅमेरा घेऊ. एका रात्रीत १० सेकंदांची ६० चलचित्रे घेतली जातात व प्रत्येक नोंद पाठविण्यास ३० सेकंद लागतात, असे गृहीत धरू. प्रत्यक्ष प्रवाह कॅमेऱ्याच्या बनावटीनुसार बदलतो. तो माहितीपुस्तिकेतून घ्यावा अथवा मोजावा.

• विश्रांतीतील कॅमेरा: ०.५ मिलिअँपिअर × २४ तास = सुमारे ०.०१ अँपिअर-तास
• रात्रीचे चित्रण: ०.८ अँपिअर × ६०० सेकंद = सुमारे ०.१३ अँपिअर-तास
• नोंद पाठविणे: ०.४ अँपिअर × १,८०० सेकंद = ०.२० अँपिअर-तास
• चार्ज कंट्रोलरचा स्वतःचा खर्च: १० मिलिअँपिअर × २४ तास = ०.२४ अँपिअर-तास
• एकूण: दररोज सुमारे ०.६ अँपिअर-तास

या हिशेबात सर्वांत मोठा आकडा कंट्रोलरचा आहे, हे लक्षात घ्यावे. त्यामुळे खरेदी करताना कंट्रोलरचा स्वतःचा वीजखर्च किती, हे अवश्य पाहावे.

बॅटरी: शिसे-आम्ल प्रकारची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेची बंद बॅटरी सर्वत्र मिळते. तिचे आयुष्य टिकविण्यासाठी निम्मीच क्षमता वापरावी. म्हणजे ३.५ अँपिअर-तास, अर्थात ऊन मुळीच नसताना साधारण पाच ते सहा दिवस. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची ६ अँपिअर-तासाची बॅटरी सुमारे ८० टक्के वापरता येते. ती आठ दिवस पुरते, वजनास हलकी असते व अधिक वर्षे टिकते. मात्र तिची किंमत अधिक असते.

पॅनेल: १० वॅटचे पॅनेल भर उन्हात सुमारे ०.५५ अँपिअर प्रवाह देते. कोरड्या हंगामात दिवसाला पूर्ण उन्हाचे चार तास धरले व धूळ, उष्णता आणि चार्जिंगमधील घट वजा जाता ७० टक्के वीज हाती लागते असे मानले, तर १.५ अँपिअर-तास मिळतात. गरज ०.६ ची असल्याने रब्बीसाठी हे पुरेसे आहे. परंतु दाट ढगांच्या दिवशी पूर्ण उन्हाचा जेमतेम एक तास हाती लागतो, असे धरल्यास तेच पॅनेल ०.४ अँपिअर-तासाहूनही कमी देते व बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी होत जाते. २० वॅटचे पॅनेल अशाही दिवशी ०.७५ अँपिअर-तासाच्या आसपास देते. म्हणून खरिपात कॅमेरा चालवावयाचा असल्यास २० वॅटचे पॅनेल घ्यावे. उघडीप मिळताच ते एक-दोन दिवसांत बॅटरी पुन्हा भरून काढते, हा त्याचा आणखी एक लाभ होय.

आवश्यक साहित्य

• १२ व्होल्टचे १० किंवा २० वॅटचे सौरपॅनेल, पक्क्या चौकटीसह
• वर दिल्याप्रमाणे बॅटरी
• ५ ते १० अँपिअरचा चार्ज कंट्रोलर. त्यावर बॅटरीचा प्रकार निवडण्याची सोय असावी
• ३ ते ५ अँपिअरचा फ्यूज व त्याचा धारक
• १ ते १.५ चौरस मिलिमीटर जाडीची दोन पदरी तांब्याची तार
• कॅमेऱ्याच्या खाचेत नेमकी बसणारी पिन
• पावसापासून सुरक्षित पेटी, तारेच्या प्रवेशासाठी रबरी ग्रंथी, पीव्हीसी नळी
• मल्टिमीटर

पिनेच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. ५.५ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या दोन पिना मिळतात. एकीचे आतील छिद्र २.१ व दुसरीचे २.५ मिलिमीटरचे असते. दोन्ही दिसावयास सारख्या असल्या, तरी चुकीची पिन सैल बसते किंवा आत जातच नाही. अनेक कॅमेऱ्यांत पिनेचा आतील भाग धन असतो. तथापि खाचेजवळील चिन्ह पाहूनच खात्री करावी.

जोडणीचा क्रम

जोडणीत क्रमास फार महत्त्व आहे. चार्ज कंट्रोलर प्रथम बॅटरीचा दाब ओळखतो व त्यानुसार पुढील नियमन करतो. बॅटरीआधी पॅनेल जोडल्यास कंट्रोलरला आधार मिळत नाही व पॅनेलचा वाढीव दाब पुढे जाऊन कंट्रोलर अथवा कॅमेरा निकामी होण्याचा संभव असतो.

१. पॅनेल उन्हात ठेवून मल्टिमीटरने दाब मोजावा व धन टोकावर लाल खूण करावी. त्यानंतर पॅनेल पोत्याने झाकून ठेवावे.

२. बॅटरी घरीच पूर्ण चार्ज करून घ्यावी. काही तास विश्रांती दिल्यावर शिसे-आम्ल बॅटरीचा दाब १२.७ व्होल्टच्या आसपास असावा.

३. बॅटरीच्या धन टोकापासून साधारण वीतभर अंतराच्या आत फ्यूजधारक बसवावा. फ्यूज अद्याप घालू नये. फ्यूज जितका टोकाजवळ, तितकी तारेतील दोषामुळे आग लागण्याची शक्यता कमी.

४. बॅटरीच्या तारा कंट्रोलरच्या बॅटरीचिन्ह असलेल्या टोकांना जोडाव्यात. धन-ऋण पुन्हा एकदा तपासावे आणि मगच फ्यूज घालावा. कंट्रोलरचा दर्शक उजळला पाहिजे.

५. कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार निवडावा. केवळ ‘लिथियम’ असे लिहिलेली निवड अनेकदा १२.६ व्होल्टला चार्जिंग थांबविणाऱ्या वेगळ्या लिथियम बॅटरीसाठी असते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीस १४.४ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. निवड चुकल्यास ती कधीच पुरेशी भरत नाही.

६. पॅनेलच्या तारा कंट्रोलरला जोडाव्यात व त्यावरील पोते काढावे. चार्जिंग सुरू झाल्याचे चिन्ह दिसावे.

७. कॅमेऱ्याची तार कंट्रोलरच्या भार-टोकांना जोडावी. या टोकांवर बॅटरी फार उतरल्यास पुरवठा आपोआप तोडण्याची सोय असते. मात्र काही कंट्रोलर पथदिव्यांप्रमाणे केवळ रात्रीच भार चालू ठेवतात. म्हणून ‘२४ तास चालू’ ही निवड करावी.

८. कॅमेरा जोडण्यापूर्वी पिनेवरील दाब व तिचे धन-ऋण मोजावे. सर्व बरोबर असल्यास बंद स्थितीतील कॅमेऱ्यास पिन लावावी व मग तो सुरू करावा. तारीख-वेळ लावून कॅमेऱ्यासमोरून चालून चाचणी घ्यावी व अंधार पडल्यावर तीच चाचणी पुन्हा करावी.

जोडणी सोडविताना क्रम नेमका उलट ठेवावा: प्रथम कॅमेरा, नंतर पॅनेल, सर्वांत शेवटी बॅटरी.

कंट्रोलरच्या तिन्ही जोड्यांतील ऋण तारा सोयीसाठी एकत्र बांधू नयेत. काही कंट्रोलरांत आतून धन बाजू समाईक असते. अशा वेळी ऋण तारा एकत्र आल्यास नियमन व संरक्षण दोन्ही निष्फळ ठरतात. कॅमेऱ्यातील पेन्सिल सेल आत ठेवून बाहेरील वीज जोडावी किंवा नाही, हेही माहितीपुस्तिकेतील स्पष्ट सूचनेनुसारच ठरवावे.

पॅनेल, पेटी व कॅमेऱ्याची जागा

कॅमेरा झाडाच्या सावलीत व पॅनेल उघड्यावर असणे इष्ट असते. त्यामुळे दोहोंत काही मीटर तार येणे स्वाभाविक आहे. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, त्या ठिकाणच्या अक्षांशाइतक्या कलात बसवावे: नागपूर परिसरात सुमारे २१ अंश, लखनौ परिसरात २७ अंश. हिवाळी धुक्याच्या प्रदेशात रब्बीसाठी कल आणखी १० ते १५ अंशांनी वाढवावा. बंगळुरूसारख्या कमी अक्षांशाच्या भागातही तो १५ अंशांहून कमी ठेवू नये. अन्यथा धूळ व पक्ष्यांची विष्ठा पावसाने धुऊन जात नाही. सौरघट एकसर जोडलेले असल्याने एका फांदीची सावली काही घटांवर पडली, तरी संपूर्ण पॅनेलचा प्रवाह घटतो. वाढणाऱ्या तुरीची अथवा उसाची उंचीही यासाठी लक्षात घ्यावी.

पेटी पॅनेलच्या मागे, त्याच्याच सावलीत ठेवावी. त्यामुळे उन्हाळ्यात बॅटरी तापत नाही. तारा पेटीच्या तळातून आत घ्याव्यात व प्रवेशापूर्वी त्यांस खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून आत न शिरता तेथेच ठिबकते. शिसे-आम्ल बॅटरीतून ज्वलनशील वायू बाहेर पडू शकतो. म्हणून तिची पेटी हवाबंद नसावी. वायुवीजनाच्या छिद्रांस बारीक जाळी लावल्यास मुंग्या व पाली आत जात नाहीत. जमिनीलगतची तार नळीतून पुरून न्यावी. उंदीर व साळिंदर उघडी तार कुरतडतात.

रानडुकरासाठी कॅमेरा जमिनीपासून दीड ते दोन फूट, तर नीलगायीसाठी तीन फुटांच्या आसपास असावा. त्याचे तोंड शक्यतो उत्तरेस ठेवावे. पूर्व-पश्चिमेस ठेवल्यास उगवता-मावळता सूर्य संवेदकास फसवितो.

दोष व त्यांची कारणे

दिवसाची छायाचित्रे स्वच्छ, परंतु रात्रीची काळी किंवा कॅमेरा रात्री पुन्हा पुन्हा सुरू होतो: अवरक्त दिवे लागताना दाब कोसळत आहे. तार बारीक व लांब असणे हे याचे नेहमीचे कारण. ०.५ चौरस मिलिमीटरच्या दहा मीटर लांब दोन पदरी तारेत एक अँपिअर प्रवाहास सुमारे ०.७ व्होल्ट घट येते, १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ती ०.२३ व्होल्टपर्यंत उतरते. ६ व्होल्टच्या कॅमेऱ्यास हा फरक निर्णायक ठरतो. अशा वेळी परिवर्तक कॅमेऱ्याजवळ बसवावा.

कॅमेरा पहाटे बंद पडतो व उन्हे वर आल्यावर सुरू होतो: बॅटरी रात्र काढू शकत नाही. प्रथम पॅनेलवरील सावली व धूळ पाहावी. त्यानंतर बॅटरीचे वय तपासावे.

कंट्रोलर सर्व ठीक दाखवितो, तरी कॅमेरा सुरू होत नाही: पिनेचा आकार, धन-ऋण व भार-टोकांची वेळनिवड या तिन्ही बाबी तपासाव्यात.

घ्यावयाची दक्षता

बॅटरीची दोन टोके पाना, अंगठी अथवा उघड्या तारेने जोडली जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. फुगलेली बॅटरी वापरू नये. हिमाचल, उत्तराखंड, लडाख अशा थंड प्रदेशांत तापमान शून्य अंशांखाली असताना लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी चार्ज करू नये. सौरकुंपणाच्या बॅटरीवरून कॅमेऱ्यास वीज घेऊ नये. एका उपकरणाच्या खर्चाने दुसरे बंद पडते. कुंपणात घरगुती अथवा कृषिपंपाची वीज सोडणे हा गुन्हा असून त्यात माणसे, गुरे व वन्यप्राणी प्राणास मुकतात, याचा येथे पुनरुच्चार करणे आवश्यक वाटते. कॅमेरा स्वतःच्या शेतातच लावावा; वनजमिनीवर वनविभागाच्या परवानगीशिवाय लावू नये. शेजाऱ्याचे घर किंवा स्त्रियांची पाणवठ्याची वाट त्याच्या टप्प्यात येणार नाही, हेही पाहावे.

समारोप

ट्रेल कॅमेरा पिकाची राखण करीत नाही. राखण कोणापासून करावयाची, हे तो सांगतो, आणि त्या माहितीवरच कुंपणाची उंची, खालच्या तारेचे अंतर व पहाऱ्याची वेळ ठरते. हे काम त्याने पीक भरात असतानाच्या प्रत्येक रात्री करावयाचे असल्यामुळे त्याचा वीजपुरवठा वर्षातील सर्वांत वाईट आठवड्यास पुरून उरला पाहिजे. शेतकरी बंधू-भगिनींनी मृग नक्षत्रापूर्वी एकदा व दिवाळीच्या सुमारास पुन्हा एकदा पॅनेल पुसावे, जोड घट्ट करावेत, बॅटरीचा दाब मोजावा व घड्याळ तपासावे. जोडणीविषयी शंका असल्यास नजीकच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.